वीस बोरं आणि एक दुष्काळ

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अर्धवट सुटलेली वाक्यं पूर्ण केली आहेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आलाय. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे खेळ खेळताना वाद होतात, आणि बहुतेक वाद एकाच साच्याचे असतात. एक जण म्हणतो, "पुस्तकात लिहिलंय." दुसरा म्हणतो, "अरे पण असं खरंच कसं होईल?" तिसरा म्हणतो, "सोडा ना यार, मजा येतेय ते बघा." आणि तिघंही डीएमकडे बघतात.

जे पहिल्यांदाच ऐकतायत त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं: योद्धा, जादूगार, चोर वगैरे. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. उरलेलं सगळं जग तो चालवतो. काय करायचं ते खेळाडू बोलून सांगतात, जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. नियमांची जाडजूड पुस्तकं असतात. बस.

तर नियम, जगाचा तर्क आणि मजा या तिघांचं भांडण. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला आधी वाटायचं की हा स्पेसिफिकेशनचा प्रश्न आहे. नियम नीट लिहिले की वाद मिटतील. पण याचं उत्तर मला गल्लीतल्या क्रिकेटमध्ये जास्त चांगलं सापडतं.

आमच्या गल्लीत डाव्या हाताच्या बंगल्यात बॉल गेला की आऊट. सिक्सर नाही, आऊट. क्रिकेटच्या कुठल्याही पुस्तकात हा नियम नाही. तो आला कुठून? बंगल्यातले काका बॉल परत देत नाहीत, या वस्तुस्थितीतून. म्हणजे जगाने नियम बनवला. दुसरा प्रकार कच्चा लिंबू. कुणाचा तरी चार वर्षांचा धाकटा भाऊ हट्ट करतो, त्याला खेळायला घ्यावंच लागतं. मग तो कच्चा लिंबू. तो आऊट होत नाही, लपाछपीत त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम ना क्रिकेटचा ना जगाचा. तो माणसांनी माणसासाठी केलेला आहे. आणि स्टंप उडाला की आऊट, हा मूळ खेळाचा नियम. तिन्ही प्रकार एकाच वेळी चालू असतात आणि दहा वर्षांच्या पोरांना त्यात काहीही अवघड वाटत नाही.

भांडण कधी होतं? बॉल बंगल्यात गेल्यानंतर कुणी म्हणालं की "आजपासून बंगला आऊट," तर. बॅट्समनचा आक्षेप असा असतो की मला आधी सांगितलं असतंस तर मी तिकडे मारलाच नसता. नियम चांगला की वाईट याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हा झगडा काही आजचा नाही. या खेळांचं मूळ युद्धखेळांमध्ये आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे नियम छापले. त्याचं नाव क्रीगश्पील. अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण हा हेतू. फासे होते, तक्ते होते, किती अंतरावरून किती माणसं पडतील याचे हिशोब होते. पुढे तक्रार सुरू झाली की तक्ते बघण्यात वेळ जातो. मग १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या जनरलने सरळ सांगितलं की अनुभवी पंच नेमा, काय झालं असतं ते तो ठरवेल, तक्ते बाजूला ठेवा. त्याला मुक्त क्रीगश्पील म्हणतात. म्हणजे "पुस्तक मोठं की पंच मोठा" हा वाद गोब्लिन आणि ड्रॅगन खेळात यायच्या शंभर वर्षं आधीचा आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स छापलं तेव्हा हा वाद त्यांच्याकडे वारशानेच आला. हिट पॉइंट घ्या. पात्राला किती मार सोसेल याचा आकडा. शून्य झाला की पात्र पडतं. लेव्हल वाढली की आकडा वाढतो. मग लोक विचारायला लागले, अनुभव आला म्हणून माणसाच्या अंगात दहा तलवारी कशा काय मावतात? १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गायगॅक्सला समजावून सांगावं लागलं की हिट पॉइंट म्हणजे निव्वळ शरीर नाही, त्यात कौशल्य आहे, नशीब आहे, दैवी कृपा आहे. पटतं? मला अर्धं पटतं. कारण तेच हिट पॉइंट विषाने आणि पडण्याने पण कमी होतात, आणि तिथे कौशल्य काय करणार.

पडण्याचंच उदाहरण घेऊ. पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या पुस्तकांत, नियम असा आहे: दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त वीस फासे. म्हणजे दोनशे फुटांवरून पडा नाहीतर सह्याद्रीच्या कड्यावरून पडा, वीसच फासे. सरासरी सत्तर. आता बारा लेव्हलची एक फायटर आहे, अंगाने दणकट, तिचे हिट पॉइंट निघतात ११२. ती दोनशे फूट उंच बुरुजावर आहे, खाली राजकुमाराला पळवून नेतायत. ती म्हणते, "मी उडी मारते." दोनशे फूट म्हणजे साठ मीटर, वीस मजली इमारत. पुस्तकाप्रमाणे ती धूळ झटकून उठेल. डीएमला हे बघवत नाही. तो म्हणतो, "मेलीस."

इथे बरेच लोक म्हणतील की डीएम बरोबर आहे, वास्तवाला धरून आहे. मला हे मुळीच मान्य नाही. त्या खेळाडूला तिच्या पात्राचं शरीर दिसत नाही, बुरुजाची उंची पोटात जाणवत नाही. तिला एकच गोष्ट माहीत आहे, ११२ हा आकडा. तो आकडा म्हणजे तिचे डोळे आहेत. डीएमने आधी म्हणायला हवं होतं: "थांब. या जगात इतक्या उंचीवरून कुणी वाचत नाही, तुझ्या पात्राला हे माहीत आहे. अजून उडी मारायचीय?" मग ती नाही म्हणेल, दोर शोधेल, किंवा तरीही मारेल आणि तो सगळ्यांच्या लक्षात राहणारा मृत्यू होईल. तेच वाक्य उडीनंतर म्हटलं तर तो बंगला आऊटवाला प्रकार झाला.

उलट बाजूने, हे जगच असं आहे की मोठे वीर बुरुजावरून उड्या मारतात, असंही ठरवता येतं. त्यात काय बिघडलं? हनुमानाने समुद्र ओलांडला तेव्हा कुणी वेगाचा हिशोब मागितला नाही. पण बघा, तिथेही तर्क आहे. त्याला शाप आहे, स्वतःची ताकद विसरण्याचा; जांबवंताने आठवण करून दिल्याशिवाय ती आठवत नाही. किंवा कर्णाची वासवी शक्ती घ्या. इंद्राने दिलेलं अस्त्र, नक्की मारणार, पण एकदाच वापरता येणार. त्याने ते अर्जुनासाठी राखून ठेवलेलं. आणि कृष्ण घटोत्कचाला रणात उतरवतो, रात्री तो कौरव सैन्याची इतकी दाणादाण उडवतो की कर्णाला ते अस्त्र त्याच्यावर खर्च करावं लागतं. "एकदाच" हा एक शब्द आहे, शुद्ध गेमचा नियम आहे, आणि त्या रात्रीचं सगळं नाट्य त्यावर उभं आहे. समजा मारून झाल्यावर व्यासांनी लिहिलं असतं की ते अस्त्र परत कर्णाच्या हातात आलं, तर? आपण पुस्तक मिटलं असतं.

म्हणून जगाचा तर्क म्हणजे वास्तववाद, हे समीकरण मला चुकीचं वाटतं. ड्रॅगन असलेल्या जगात कसला वास्तववाद. तर्क हवा तो एवढ्यासाठी की खेळाडूला बेत आखता यावा. उद्या काय होईल याचा अंदाज बांधता येत नसेल तर निर्णय घेण्यात अर्थ उरत नाही, नुसतं फासे टाकत बसायचं.

आता उलट टोक. नियम म्हणजेच त्या जगाचं भौतिकशास्त्र, असं मानणारे लोक. यांचं सगळ्यात गाजलेलं अपत्य म्हणजे "पेझंट रेलगन", शेतकऱ्यांची तोफ. एका ओळीत दोन हजार शेतकरी उभे करा, प्रत्येकी पाच फूट. नियमाप्रमाणे कुणीही "तयार राहतो" असं सांगून ठेवू शकतो, की शेजाऱ्याने भाला दिला की मी पुढच्याला देणार. आणि लढाईची एक फेरी म्हणजे सहा सेकंद. म्हणजे सहा सेकंदांत भाला दहा हजार फूट, तीन किलोमीटर गेला. ताशी अठराशे किलोमीटरच्या वर, आवाजाच्या दीडपट. आता शेवटच्या माणसाने तो सोडला की किल्ल्याची भिंत फुटली पाहिजे!

गंमत कुठे आहे लक्षात आलं का? भाला पुढे सरकवताना हे लोक नियमपुस्तक धरतात आणि भाला आदळताना फिजिक्सचं पुस्तक काढतात. नियमपुस्तकच शेवटपर्यंत धरलं तर फेकलेल्या भाल्याचा मार सहा बाजूंचा एक फासा, विषय संपला. फिजिक्सच शेवटपर्यंत धरलं तर दोन हजार माणसं सहा सेकंदांत भाला पुढे देऊच शकत नाहीत. ज्याचं जे सोयीचं ते घ्यायचं, याला आपल्याकडे रडीचा डाव म्हणतात. हा विनोद इतका पसरला की २०२४ च्या नव्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये याचा समाचार घेतलाय: हे नियम खेळ रंगावा म्हणून आहेत, त्या जगाचे भौतिक नियम म्हणून नाहीत, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. बरं केलं. पण मला ते पुरेसं वाटत नाही, कारण रडीचा डाव ओळखणं सोपं असतं. अवघड असतो तो खेळाडू जो प्रामाणिकपणे नियम वापरतोय आणि तरीही जग मोडतंय.

आता मी आमच्या टेबलावर येतो.

आम्ही पाच जण, पुण्यात, दर दुसऱ्या शनिवारी, एका मित्राच्या हॉलमध्ये. मी डीएम. जग मीच लिहिलंय: पर्जन्यछायेतलं पठार, तीन वर्षं पाऊस नाही. माण-खटावचा भाग डोळ्यांसमोर होता. पहिल्या बैठकीतच सांगितलं होतं की हा दुष्काळाचा खेळ आहे, खजिना वगैरे कमी, पाणी आणि धान्य जास्त. ते ऐकून एक मैत्रीण म्हणाली, "मग मी ड्रुइड घेते. गुडबेरी आहे ना तिच्याकडे."

गुडबेरी हा पहिल्या लेव्हलचा मंत्र. म्हटला की हातात दहा बेरी येतात. एक बेरी खाल्ली की एका जिवाचं दिवसभराचं पोषण होतं. चोवीस तासांत त्यांचा गुण जातो, म्हणजे साठवता येत नाहीत. पहिल्या लेव्हलची ड्रुइड दिवसाला असे दोन मंत्र म्हणू शकते. वीस बेरी. आमच्याकडे त्यांना पहिल्या दिवसापासून बोरंच म्हणतात.

आता माझ्या जागी बसा. खेळाचा विषय उपासमार आणि पहिल्याच लेव्हलला पार्टीतल्या एकीकडे वीस जणांचं रोजचं जेवण. रानावनात तग धरण्याचे खेळ चालवणाऱ्या डीएम लोकांचं हे जुनं दुखणं आहे. त्यावर दोन उपाय सर्रास सांगितले जातात. एक, मंत्रावर बंदी. दोन, मंत्राला लागणारी वस्तू दर वेळी खर्च होते असा घरचा नियम. ती वस्तू म्हणजे मिसलटो, आपल्याकडचं बांडगूळ. पुस्तकात एकच डहाळी कायम चालते. ती दर वेळी संपते असं म्हटलं की ड्रुइड बिचारी आंब्याच्या झाडावर चढून बांडगूळ शोधत फिरणार. मला दृश्य आवडलं, उपाय नाही.

कारण ती मैत्रीण ते पात्र का घेतेय हे मला माहीत होतं. तिची आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होती. सुकडी, मिलो हे शब्द तिच्या घरात अजून निघतात. तिला या जगात येऊन एकच गोष्ट करायची होती: लोकांना खाऊ घालायचं. मंत्र काढून घेणं म्हणजे तिला सांगणं की तू ज्यासाठी आलीस ते सोडून बाकी सगळं कर. आणि मंत्र तसाच ठेवून गाव सुखी झालं, तर दुष्काळ कसला? उरलेले तिघं कशासाठी बसलेत?

मग मी हिशोब मांडला, जे आम्हाला बरं जमतं. वीस बोरं म्हणजे वीस जीव. वाडीत माणसं छेचाळीस, बैल चौदा. ड्रुइडला पाणी काढायचाही मंत्र येतो, दहा गॅलन, म्हणजे साधारण अडतीस लिटर. पण तो म्हटला तर एक गुडबेरी गेली. आणि एक एकर रानावर एक इंच पाणी द्यायचं तर लाखभर लिटर लागतं. म्हणजे सत्तावीसशे वेळा मंत्र. एका एकराला! एवढं कागदावर आल्यावर माझी झोप परत आली. मंत्र दुष्काळ मोडत नव्हता. तो फक्त दुष्काळातला प्रश्न बदलत होता. आधी प्रश्न होता "काय खायचं," आता प्रश्न झाला "कुणी खायचं."

नियमाला हात लावला नाही. पहिल्या खेळाच्या आधी सगळ्यांना सांगितलं: बोरं पुस्तकाप्रमाणे चालतील, मी ती कमी करणार नाही. पण या जगातले लोक मूर्ख नाहीत. जिथे फुकट जेवण मिळतं तिथे काय होईल, ते होईल.

तिसऱ्या खेळात ते वाडीत पोचले. आणि तिने पहिलाच प्रश्न टाकला: "मंत्रात माणूस लिहिलंय का जीव?" पुस्तकात जीवच आहे. "म्हणजे एका बोरावर बैल पण जगेल?" नियमाप्रमाणे जगेल. आता बघा, हे रेलगनसारखंच ऐकू येतं की नाही? एका बोरावर अख्खा बैल! पण ती शब्दांत फट शोधत नव्हती. बैल मेले तर मृगाचा पाऊस पडला तरी पेरणी कशाने करणार, हा तिचा सरळ प्रश्न होता. चारा छावणी ज्याने पाहिलीय त्याला हा प्रश्न सांगावा लागत नाही. मी हो म्हटलं.

मग वाटप. आमचा फायटर खऱ्या आयुष्यात ऑडिटर आहे, त्याने लॅपटॉप उघडून यादी केली. अकरा मुलं, अकरा बोरं. तीन म्हाताऱ्या, तीन बोरं. उरली सहा. धडधाकट पुरुष आणि बायका बत्तीस, बैल चौदा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सहा बैलांना."

टेबलावर शांतता. आणि आमच्यातला एक जण चिडला, पात्र म्हणून नाही, खराखुरा. म्हणाला, "माणसं सोडून बैल? आणि मुळात मी आठवडाभर ऑफिसात राबून इथे हे करायला येत नाही. मला गोब्लिन मारायचेत." ती म्हणाली, "बैल मेले तर पुढच्या वर्षी छेचाळीसही मरतील." दोघांचं बरोबर होतं.

इथे मजा या शब्दाबद्दल बोलायला पाहिजे, कारण तो आपण फार ढिला वापरतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटवर या खेळांची बरीच मीमांसा झाली. कुणाला आव्हान हवं असतं, कुणाला कथा, कुणाला जगाचं सच्चेपण, अशा तीन वाटण्या केल्या गेल्या. त्या वाटण्या माणसांना लावू नयेत असं माझं मत आहे. तोच मित्र दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका खेळात रडला होता. त्या शनिवारी तो दमलेला होता, एवढंच. मजा ही माणसाची जात नसते, ती त्या संध्याकाळची असते. आम्ही चहा केला. पुढच्या खेळात वाडीवर धाड पडली आणि त्याने मनसोक्त हाणामारी केली. अजूनही तो म्हणतो की तो वाटपाचा दिवस जड होता. असू दे. होताच.

धाड कुठून आली, ते मात्र जगाच्या तर्कातून आलं. बोरांची बातमी पसरली. चौथ्या दिवशी शेजारच्या गावातून तीस माणसं येऊन बसली. आणि मी स्वतःला एक प्रश्न विचारला, जो मी प्रत्येक डीएमला सुचवेन: हा मंत्र या जगात खरा असेल तर नुकसान कुणाचं? उपास थांबला की नुकसान धान्य दाबून बसलेल्या सावकाराचं. त्याने आधी माणसं पाठवली, ती पार्टीने पळवून लावली. मग तो स्वतः आला, हात जोडून. म्हणाला, माझ्या रानात विहीर खणतोय, बारा मजूर लागतात, त्यांना रोज बारा बोरं द्या. पाणी लागलं तर वाडीला पण देईन.

आजची बारा पोटं की उद्याचं पाणी. मी हा पेच आधी लिहून ठेवला नव्हता. तो नियमातून आणि जगातून आपोआप निघाला, आणि याचसाठी मी नियम तसाच ठेवला होता.

मोठ्या जगांत हेच काम मोठ्या प्रमाणावर केलेलं दिसतं. कीथ बेकरचं एबेरॉन, २००४ सालचं. तिथे विचार असा की जादू इतकी हुकमी असेल तर ती कारखान्यात जाणारच. म्हणून रस्त्यावर जादूचे दिवे, विजेवर धावणारी जादूची आगगाडी, मंत्रांचा धंदा करणारी घराणी. नियमांतल्या विसंगती लपवण्यापेक्षा त्यांच्यावरच जग उभं केलं. त्याउलट १९९१ चं डार्क सन: तिथे जादू जमिनीतला जीवच शोषून घेते, म्हणून जग वाळवंट झालंय. दोन्ही मार्ग चालतात. न चालणारा मार्ग एकच, मंत्र पुस्तकात आहे पण जगात त्याचा मागमूस नाही.

तर सावकाराचा सौदा. आमच्या ड्रुइडने मान्य केला, एका अटीवर: विहीर सगळ्यांची, आणि तसं दगडावर कोरायचं. मग फायटरला सुचलं की नुसता दगड नको, गधेगाळ पाहिजे. आपल्याकडचे ते जुने दानाचे शिलालेख पाहिले असतील, दान मोडणाऱ्याला गाढवावरून अर्वाच्य शाप दिलेला असतो, चित्रासकट. सगळे हसले, आणि लगेच वाद सुरू झाला: आपल्या जगात हा शाप खरंच लागतो का? पुस्तकात शाप द्यायचा मंत्र आहे, पण तो वरच्या लेव्हलचा, आणि वाडीतल्या पाथरवटाला तो येत नाही. नियम म्हणतो, नाही लागणार. पण देव आणि मंत्र खरे असलेल्या जगात देवळासमोर सगळ्या गावाने घेतलेली शपथ पोकळ कशी असेल?

मी निर्णय दिला: लागतो. पण दगड कोरायच्या आधी दिला आणि मोठ्याने दिला, म्हणजे सावकारालाही तो माहीत झाला. शाप नेमका काय तेही सांगितलं: मोडणाऱ्याच्या हातचं पाणी त्याला स्वतःला खारट लागेल. आणि ही सोय यापुढे कुणालाही वापरता येईल, पार्टीविरुद्ध सुद्धा. सॉफ्टवेअरमध्ये आपण जुन्या कोडला धक्का न लावता नवीन भाग जोडतो, तसंच हे. आधी घेतलेले निर्णय तसेच राहिले, पुढच्या निर्णयांना एक नवीन गोष्ट मिळाली. सावकार दोन दिवस विचार करायला गेला. तिसऱ्या दिवशी आला आणि अंगठा दिला.

विहिरीला पाणी लागलं की नाही ते सांगत नाही, आमच्यातले दोघं हा पॉडकास्ट ऐकतात आणि ते अजून बत्तीस फुटांवरच आहेत.

एक प्रश्न मात्र आमच्याकडे आत्ता उघडा पडलाय, तो तुमच्यापुढे टाकतो. पार्टी सध्या चौथ्या लेव्हलला आहे, रोजची सत्तर बोरं. पुढच्या महिन्यात ती पाचव्या लेव्हलला जाईल आणि ड्रुइडला प्लँट ग्रोथ मिळेल. आठ तास बसून हा मंत्र म्हटला की अर्धा मैल त्रिज्येतली जमीन वर्षभर नेहमीच्या दुप्पट पीक देते. अर्धा मैल त्रिज्या म्हणजे पाचशे एकर. पाऊस पडलेला नाही, रानात काही उभंच नाही. ऑडिटरचं म्हणणं, शून्याची दुप्पट शून्यच. ड्रुइडचं म्हणणं, नियमात "नेहमीच्या" आहे, आणि नेहमीचं म्हणजे चांगल्या वर्षाचं. मी अजून काही बोललेलो नाही. पण त्या शनिवारच्या आधी बोलावं लागणार आहे, कारण आमची ड्रुइड आत्ताच वाडीचा नकाशा काढून बसलीय, केंद्र कुठे धरायचं ते बघत. तुमच्या टेबलावर तुम्ही काय म्हणाल ते कळवा.